मीटिंगमध्ये इंग्रजी बोलताना आवाज का बसतो?

चाकणची | गुरुवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा आज पहिल्यांदाच काढतेय. थोडा लांबेल, सांभाळून घ्या.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. ॲल्युमिनियमच्या पंप हाउसिंगचं मशिनिंग आणि लीक टेस्टिंग करून आम्ही माल जर्मनीला आणि अमेरिकेला पाठवतो. या कामात सोळा वर्षं झाली. शाळा बार्शीजवळच्या गावातली, जिल्हा परिषदेची. इंग्रजी पाचवीपासून. पुढे सरकारी तंत्रनिकेतनात डिप्लोमा. लिहिण्याची मला भीती नाही. आठ-आठ पानांचे ८डी रिपोर्ट (तक्रारीचं कारण आणि उपाय आठ टप्प्यांत मांडणारे) मी एकटी लिहिते आणि ते ग्राहकाकडून मंजूर होऊन येतात. गाडी अडते ती बोलताना.

गेल्या महिन्यात एका लॉटमधले १४ पार्ट तिकडे लीक टेस्टला फेल झाले. गुरुवारच्या कॉलवर जर्मन ग्राहकाकडच्या क्वालिटीच्या बाईंनी विचारलं, "सो यू डिडन्ट चेंज द गेज?" आम्ही गेज, म्हणजे मोजमाप तपासायचं साधन, बदलला नव्हता. मी म्हटलं, "येस." माझ्या मनात होतं, हो, बरोबर आहे तुमचं, नाही बदलला. त्या जरा थांबल्या, "ओके" म्हणाल्या आणि पुढच्या मुद्द्यावर गेल्या. दुसऱ्या दिवशी मिनिट्स आले. त्यात लिहिलं होतं की पुरवठादाराने न कळवता गेज बदलल्याचं मान्य केलं.

ज्यांना हे क्षेत्र माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ग्राहकाच्या मंजुरीशिवाय गेज बदलणं ही आमच्याकडे फार मोठी चूक समजतात. कॅलिब्रेशनचे दाखले, गेजवरच्या नंबरचे फोटो, जुने रेकॉर्ड असं सगळं पाठवून ते निस्तरायला चार दिवस गेले.

त्यानंतर साहेब म्हणाले, "यापुढे कॉलवर मी बोलतो, तू मला माहिती देत जा." रागावले नाहीत, समजुतीनेच म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या शेजारी बसून चिठ्ठ्या लिहून देते. आज त्यांनी माझ्या चिठ्ठीतलं कारण आणि उपाय उलटसुलट वाचले. ग्राहक गोंधळला. दुरुस्त करायला माझं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कंपनीच्या बसमध्ये घरी येईपर्यंत दुसरं काही सुचलं नाही.

व्याकरणाचा क्लास मला नकोय, तो करून झालाय. मला विचारायचंय ते हे: विषय आपल्याला सगळ्यांत जास्त माहीत असतो, तरी इंग्रजीत बोलताना आपण वेगाने का बोलतो, आवाज का उतरतो, कोणी मध्ये बोललं की आपण लगेच का थांबतो? आणि ज्यांचं हे सुटलं त्यांनी नेमकं काय केलं?

निळी_शाई | गुरुवार, रात्री १०:३५

ताई, आधी तुमच्या त्या "येस"बद्दल लिहिते. तो तुमच्या इंग्रजीचा कच्चेपणा नव्हे. तिथे दोन भाषांचे हिशेबच वेगळे आहेत.

मराठीत कोणी विचारलं, "जेवला नाहीस ना?" तर आपण म्हणतो, "हो, नाही जेवलो." आपला "हो" समोरच्याच्या म्हणण्याला असतो: तू म्हणतोस ते खरं. इंग्रजीतला "येस" घडलेल्या गोष्टीला चिकटतो. गोष्ट घडली तर येस, घडली नाही तर नो, मग प्रश्न कसाही विचारलेला असो. जपानी माणसंही आपल्यासारखंच उत्तर देतात, तेव्हा हा घोटाळा आपल्या एकट्यांचा नाही.

मी पंचवीस वर्षं नोकरदारांना इंग्रजी शिकवतेय. नियम पाठ करून इथे उपयोग होत नाही, कारण कॉलवर विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. मी एकच सवय लावायला सांगते. प्रश्नात "नॉट" किंवा "डिडन्ट" कानावर आलं की येस-नो दोन्ही गिळायचे आणि पूर्ण वाक्य बोलायचं. "वी हॅव नॉट चेंज्ड द गेज." बास. या वाक्याचा दुसरा अर्थ कोणी काढूच शकत नाही. आणि ऐकणाऱ्याला ते ठामही वाटतं, कारण त्यात कर्ता आहे, क्रिया आहे, गोष्टीचं नाव आहे.

तुमच्या मूळ प्रश्नावर उद्या सविस्तर लिहिते.

कातळशिल्प | गुरुवार, रात्री ११:०२

अगदी अगदी. माझं असंच "डाउट" या शब्दाने झालं होतं. अमेरिकेतल्या आर्किटेक्टला म्हणालो, "आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन." मला शंका विचारायची होती. त्याला वाटलं मी त्याच्या डिझाइनवर अविश्वास दाखवतोय. तेव्हापासून "क्वेश्चन" म्हणतो. "पास्ड आउट इन २००९" हेही सोडलं, तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडलो असा होतो.

मनोरा | शुक्रवार, सकाळी ७:१५

मी हवाई वाहतूक नियंत्रणात आहे. आमच्याकडे या विषयाची किंमत माणसांच्या जिवांनी मोजली गेली आहे, म्हणून लिहावंसं वाटलं.

१२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदीचं प्रवासी विमान आणि कझाकस्तानचं विमान एकमेकांवर आदळलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. कझाक विमानाला १५,००० फुटांवर थांबायचं होतं, ते त्याखाली आलं. त्यांच्या वैमानिकांची इंग्रजीची समज अपुरी होती, ही गोष्ट चौकशीत पुढे आली. पुढे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने वैमानिक आणि नियंत्रकांसाठी इंग्रजीची पातळी ठरवली आणि ५ मार्च २००८ पासून ती लागू झाली. सहा पातळ्या आहेत, कामाला किमान चौथी लागते. चौथीवाल्याची तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा, पाचवीवाल्याची सहा वर्षांनी.

आता तुमच्या उपयोगाचं. त्या पट्टीत उच्चार, वाक्यरचना, शब्दसंग्रह, ओघ, आकलन आणि संवाद अशी सहा अंगं तपासतात. इंग्रजांसारखं बोललं पाहिजे असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही. मातृभाषेची छाप चालते, फक्त तिने समजण्यात वारंवार अडथळा यायला नको. इतकंच काय, रेडिओवर "थ्री" हा आकडा "ट्री" असा म्हणायचा हे नियमातच आहे, नऊला "नाइनर" म्हणायचं. जगातल्या अर्ध्या माणसांना जो उच्चार जमत नाही तो संघटनेने सरळ काढूनच टाकला.

आणि आमची दुसरी सवय म्हणजे रीडबॅक. मी सूचना दिली की वैमानिक ती परत म्हणून दाखवतो. चुकीचं म्हणाला तर मी तिथेच दुरुस्त करतो. ऐकू आलं नाही तर "से अगेन" म्हणायचं, त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. तुमच्या कॉलच्या शेवटी असं करा: "लेट मी रीड बॅक द डिसिजन्स." मिनिट्स यायच्या आधीच चूक पकडली जाईल. आणि खरं सांगू का, जो माणूस निर्णय वाचून दाखवतो, मीटिंग त्याच्या हातात असते.

वेलदोडा | शुक्रवार, सकाळी ९:२०

मनोरा, फार उत्तम प्रतिसाद. "से अगेन" आजपासून उचललं.

ओढ्याकाठी | शुक्रवार, सकाळी १०:४४

थोडं वेगळं मत मांडतो. उच्चार महत्त्वाचे नाहीत असं सांगून आपण धागाकर्तीची फसवणूक करू नये. मी चौदा वर्षं न्यू जर्सीत आहे आणि उच्चारांमुळे माणसाचं वजन कमी होताना डोळ्यांनी पाहिलंय. याचा अभ्यासही झालाय. २०१० मध्ये शिकागो विद्यापीठातल्या शिरी लेव-आरी आणि बोअझ कायझर यांनी लोकांना साधी माहितीची वाक्यं ऐकवली, उदाहरणार्थ जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्याशिवाय राहू शकतो. बोलणारे फक्त दुसऱ्याने दिलेलं वाक्य वाचत होते, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरीही परक्या उच्चारातली वाक्यं त्यांना कमी खरी वाटली. कारण असं दिलं गेलं की समजायला मेंदूला जो जास्तीचा ताण पडतो, त्याचं खापर नकळत वाक्याच्या खरेपणावर फुटतं.

हा अन्याय आहे, पण आहे. मग काय करायचं? सगळे उच्चार बदलायला जाऊ नका. आपल्या कामातले दहा-वीस शब्द घ्या आणि तेवढे घासून घ्या. ताई, तुमच्याच कामातलं उदाहरण देतो. मीही पिंपरीत शॉप फ्लोअरवर होतो. आपल्याकडे व्हॉल्वला सर्रास "वॉल" म्हणतात. "वॉल लीक हो रहा है." आता पंप हाउसिंगला व्हॉल्वही असतो आणि वॉल, म्हणजे भिंतसुद्धा असते. "लीक इज निअर द वॉल" म्हणालात तर तो इंजिनिअर कास्टिंगच्या भिंतीत छिद्रं शोधत बसेल!

मराठी लिपीने आपल्याला एक सोय करून ठेवलीय. "व्हिटॅमिन" आणि "वॉच" आपण लिहितानाच वेगळे लिहितो. फक्त बोलताना दोन्ही एक करतो. "व्ह"ला वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत सोडा, त्यात "ह" आणायचा नाही. "व"ला दात लावायचेच नाहीत, "ऊ" म्हणायला ओठ गोल करतो तसे करा आणि सोडा. आरशासमोर पाच मिनिटं, आठवडाभर.

दुसरं म्हणजे आघात. मराठीत सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनाने येतात. इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची दबलेली. "कॉम्पोनंट" आपण "कॉम्"वर जोर देऊन म्हणतो, जोर हवा "पो"वर. "डेव्हलप"मध्ये "व्हे"वर. जोर चुकला की समोरच्याला शब्दच ओळखू येत नाही, "त" आणि "ट"च्या फरकाने सहसा तितकं अडत नाही.

चाकणची | शुक्रवार, दुपारी १:१०

ओढ्याकाठी, "वॉल"चं वाचून अंगावर काटा आला. आमचा लीक व्हॉल्वच्या बोअरमध्येच, म्हणजे भोकातच, होता आणि मी सोळा वर्षं "वॉल बोअर" म्हणत आलेय. मेलमध्ये बरोबर लिहिते, म्हणून आजवर निभावलं.

सगळ्यांचे मनापासून आभार, लिहीत राहा. आता लाइनवर जाते.

परडी | शुक्रवार, रात्री ११:५५

मी नर्स आहे, मिरजेला शिकले, सहा वर्षं इंग्लंडमध्ये सरकारी रुग्णालयात. माझा अनुभव लिहिते, तो तुमच्या चिठ्ठ्यांशी जुळतो.

पहिल्या वर्षी रात्रपाळीत एका आजोबांचा श्वास वाढला. डॉक्टरांना फोन लावला आणि आपल्या पद्धतीने पहिल्यापासून सुरू केलं. पेशंट कधी आले, कशासाठी आले, संध्याकाळी काय खाल्लं, मुलगी भेटून गेली, मग थोडी धाप लागली. अर्ध्यावरच डॉक्टर म्हणाले, "व्हॉट डू यू वॉन्ट फ्रॉम मी?" मी गडबडले, "नथिंग, डॉक्टर, जस्ट इन्फॉर्मिंग" म्हणून फोन ठेवला. पेशंटसमोर उभी होते, माहीत होतं की डॉक्टर आत्ता यायला हवेत, आणि तोंडातून "नथिंग" गेलं. शेजारच्या सिनियर सिस्टरने माझ्या हातातून फोन घेतला आणि पुन्हा लावला. आजोबा बरे होऊन घरी गेले, पण तो शब्द मी विसरलेले नाही.

तिथे एसबार नावाची पद्धत आहे. आधी परिस्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुमचं मत, मग तुम्हाला काय हवंय. मूळ अमेरिकेच्या पाणबुड्यांवरची, नंतर रुग्णालयांनी घेतली. सिस्टरने मला ती कागदावर लिहून, रिकाम्या खोलीत, बंद फोन कानाला लावून करायला लावली. पुढच्या वेळी मी असं बोलले: माझं नाव, वॉर्ड, "आय अ‍ॅम कॉलिंग बिकॉज माय पेशंट इज गेटिंग वर्स. रेस्पिरेटरी रेट २८, सॅच्युरेशन ८८ ऑन टू लिटर्स, न्यूज स्कोअर ८. आय नीड यू टू कम नाऊ." (न्यूज स्कोअर म्हणजे पेशंटची तब्येत किती बिघडलीय त्याचे गुण.) पलीकडून फक्त "कमिंग" आलं.

माझं इंग्रजी त्या दोन फोनमध्ये सुधारलं नव्हतं. क्रम बदलला होता. आपल्याकडे गोष्ट मुळापासून सांगायची आणि निष्कर्ष शेवटी, ते आदराचं वाटतं, ऐकणाऱ्याला तयार करत न्यायचं. इंग्रजीत कामाच्या ठिकाणी निष्कर्ष शेवटी ठेवला तर तिथवर कोणी थांबत नाही. ताई, कॉलच्या आधी फक्त पहिलं वाक्य लिहून ठेवा. पूर्ण भाषण लिहू नका, वाचल्यासारखं होतं. पहिलं वाक्य पाठ आणि शेवटचं वाक्य पाठ. मधलं तुम्हाला झोपेतही येतं.

निळी_शाई | शनिवार, सकाळी ८:३०

परडी, तुमचा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी द्या.

आता सुराबद्दल. १९७० च्या दशकात ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळाच्या उपाहारगृहात भारत-पाकिस्तानातून आलेल्या बायका वाढण्याच्या कामावर होत्या. त्या उद्धट आहेत अशी कर्मचाऱ्यांची तक्रार. जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाने त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं. ताटात मांस घेतलेल्या माणसाला ग्रेव्ही हवी का विचारायचं असायचं. ब्रिटिश बाई "ग्रेव्ही" हा एकच शब्द सूर वर नेत म्हणायची, म्हणजे हवीय का? आपल्या बायका तोच शब्द सूर खाली आणत म्हणायच्या. त्यांच्या दृष्टीने ते साधं विचारणंच होतं, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या. दोन्ही रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवल्यावर उलगडा झाला. तोवर त्या बायकांना वाटत होतं की आपला दुस्वास होतोय, आणि इतरांना वाटत होतं की या माजोरड्या आहेत.

आपल्या धागाकर्तीची अडचण याच्या बरोबर उलट असावी. घाबरलेला माणूस विधानसुद्धा प्रश्नासारखं बोलतो. "वी हॅव चेक्ड ऑल पार्ट्स?" असा शेवट वर जातो, जणू परवानगी मागतोय. ऐकणाऱ्याला वाटतं, हिला खात्री नाही. विधानाचा शेवट खाली आणा आणि तिथे थांबा. थांबणं सगळ्यांत कठीण, कारण शांतता झाली की आपण घाबरून "सो, लाइक दॅट, ॲक्च्युअली" जोडत जातो आणि केलेलं चांगलं वाक्य पातळ होतं. फोनवर स्वतःचं दोन मिनिटं रेकॉर्ड करून ऐका. पहिल्या दिवशी स्वतःचा आवाज ऐकवत नाही, तरी ऐका.

ओढ्याकाठींच्या मुद्द्यालाही उत्तर देते. मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग या कॅनडातल्या अभ्यासकांनी १९९५ पासून दाखवून दिलंय की उच्चार परका वाटणं, समजायला कष्ट पडणं आणि प्रत्यक्षात समजणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उच्चार ठळकपणे परका असूनही बोलणं पूर्ण समजू शकतं. म्हणून कष्ट कमी करा: सावकाशी, आघात, योग्य जागी थांबणं. चाकण-बार्शीची छाप राहिली तर राहू द्या.

तिसरी_घंटा | शनिवार, सकाळी ९:१२

हिशेबातला माणूस आहे, एकच गोष्ट सांगतो. तुम्ही १४ पार्ट म्हणालात ना? "फोर्टीन" आणि "फॉर्टी" कॉलवर एकसारखे ऐकू येतात. मी "वन-फोर, फोर्टीन" असं दोन्ही म्हणतो. १५-५०, १३-३० सगळ्यांना हेच. लाख-कोटी अजिबात नको, दहा लाख म्हणजे एक मिलियन हे बोलायच्या आधी कागदावर करून ठेवायचं. आणि तारीख म्हणताना महिन्याचं नाव घ्या. ०३/०४ म्हणजे आपल्याला ३ एप्रिल, अमेरिकेला ४ मार्च.

भरतीओहोटी | शनिवार, दुपारी ४:०५

मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. सगळं बदलायचं ते आपणच का? माझ्या कॉलवर जर्मन असतात, इटालियन असतात. त्यांचेही उच्चार त्यांच्या भाषेचेच असतात आणि ते कधी "सॉरी फॉर माय इंग्लिश" म्हणत नाहीत. आपण मात्र सुरुवातच माफी मागून करतो. माझी कळकळीची विनंती आहे, ते वाक्य आजपासून बंद करा. एकदा तुम्ही स्वतःच सांगितलंत की माझं इंग्रजी वाईट आहे, की समोरचा चुका शोधत ऐकतो.

बार्शीच्या शाळेत मराठीतून विज्ञान शिकून तुम्ही जर्मनीतल्या इंजिनिअरला गेजबद्दल तिसऱ्या भाषेत समजावताय. त्या बाईंसाठीही इंग्रजी परकीच आहे. त्यांना "येस"चा अर्थ लागला नाही तर "यू मीन यू चेंज्ड इट?" एवढं विचारता आलं असतं. जबाबदारी दोघांची होती.

निळी_शाई | शनिवार, दुपारी ४:४०

भरतीओहोटी, शब्दाशब्दाला अनुमोदन. तरी आपल्या हातात जेवढं आहे तेवढं करू.

दुसरी_पाळी | रविवार, सकाळी ११:२०

दोन दिवस धागा वाचतोय आणि लिहू की नको करत होतो. मी व्यवस्थापनात आहे, ताईंच्या साहेबांच्या जागी.

माझ्या हाताखाली एक मुलगा होता, साताऱ्याकडचा. मशीनचं त्याच्याइतकं ज्ञान अख्ख्या प्लांटमध्ये कोणाला नव्हतं. कॉलवर अडखळला की मी लगेच "व्हॉट ही मीन्स इज" म्हणून पुढचं बोलायचो. मला वाटायचं, मी त्याला वाचवतोय. तीन वर्षांनी तो नोकरी सोडून गेला. जाताना म्हणाला, "सर, तुम्ही मला एकही वाक्य पूर्ण करू दिलं नाहीत." तो बोलला ते खरं होतं. ग्राहकाला शेवटपर्यंत त्याचं नाव माहीत झालं नाही, कारण प्रत्येक उत्तर माझ्या आवाजात गेलं.

आता मी कॉलच्या सुरुवातीलाच सांगतो की या विषयावर अमुक बोलतील, आणि माझा माइक बंद करतो. अक्षरशः बंद. तो अडखळतो, चार सेकंद शांतता होते, आणि मग तो बोलतो. ती चार सेकंद मला जड जातात, त्याला मिळायला हवीत.

ताई, साहेबांशी एकट्यात बोला. सगळे कॉल मागू नका. म्हणा, "लीक टेस्टचा मुद्दा मी मांडते, बाकी तुम्ही घ्या. मी थांबले तर दहापर्यंत मोजा, मग मध्ये या." माणूस वाईट नसेल तर ऐकेल. लिहिण्यावरून तरी वाईट वाटत नाहीत.

आणि तुमच्यावर कोणी बोललंच, तर आवाज न चढवता "आय विल फिनिश धिस पॉइंट, देन ओव्हर टू यू" म्हणा आणि बोलत राहा. त्यात उद्धट काही नाही, तिकडे सगळे म्हणतात.

वेलदोडा | रविवार, दुपारी १२:०१

दुसरी_पाळी, असं कबूल करायला मोठं मन लागतं. डोळ्यांत पाणी आलं.

सरावासाठी जागा हवी असेल तर टोस्टमास्टर्स क्लब बघा, पुण्यात बरेच आहेत. १९२४ ला कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे. आयत्या वेळी विषय देऊन एक-दोन मिनिटं बोलायला लावतात, आणि एक जण फक्त तुमचे "अं", "आं" मोजायला बसलेला असतो. पहिल्यांदा माझे एकवीस झाले होते, आता तीन-चार होतात. चुकलं तरी तिथे कोणाचा लॉट अडकत नाही, हा फायदा.

चाकणची | गुरुवार, रात्री ९:१५ (तीन आठवड्यांनी)

मंडळी, उशीर झाला, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मध्ये दोन आठवडे मी फक्त सराव केला. रोज सकाळी बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून, व्हॉल्व, व्हॉल्व, वॉल. शेजारच्या बाईंनी तिसऱ्या दिवशी विचारलं, त्यांना सांगितलं, तर त्याही म्हणायला लागल्या, त्या स्टोअर्सला आहेत. रात्री मुलाच्या टॅबवर मीटिंग लावून आपोआप येणाऱ्या सबटायटल्स बघायचे. पहिले चार दिवस माझं "व्हॉल्व" तिथे "वॉल"च उमटायचं. पाचव्या दिवशी बरोबर आलं, तेव्हा मुलानेच टाळ्या वाजवल्या.

साहेबांशी बोलले. दुसरी_पाळी यांनी सांगितलं त्याच शब्दांत. ते थोडा वेळ गप्प होते, मग म्हणाले, "मला वाटलं तुलाच नकोय." मी म्हटलं, "मला हवंय."

आज कॉल झाला. पहिलं वाक्य पाठ होतं: "द लीक इज इन द व्हॉल्व बोअर, अँड वी हॅव फाउंड द कॉज." ते म्हणून थांबले. पलीकडे कोणीतरी कागद सरकवल्याचा आवाज आला, एवढी शांतता. मग "वन-फोर, फोर्टीन पार्ट्स", मग कारण, मग उपाय. मध्ये पोरॉसिटीच्या, म्हणजे धातूतल्या बारीक छिद्रांच्या, फोटोबद्दल सांगताना एक शब्द हरवला. पूर्वी मी तिथे बडबडले असते. आज पाणी प्यायले. साहेब बोलायला लागतील असं वाटलं, ते टेबलावर बोटांनी मोजत होते, मला दिसत होतं. सहापर्यंत गेले असतील, तेवढ्यात शब्द सापडला.

आणि शेवटी त्याच बाईंनी विचारलं, "सो यू डोन्ट नीड एनी चेंज इन द गेज?" ओठांपर्यंत आलेला "येस" मी गिळला. म्हटलं, "वी डू नॉट नीड एनी चेंज इन द गेज." मग मनोरा यांचं: सगळे निर्णय वाचून दाखवले. तिथे एक तारीख त्यांची चुकली होती, त्यांनीच दुरुस्त केली.

आता नवीन अडचण. पुढच्या महिन्यात त्या स्वतः ऑडिटला येतायत आणि लाइन त्यांना मी दाखवायची आहे. शॉप फ्लोअरवर कॉम्प्रेसरचा आवाज एवढा असतो की मराठीतसुद्धा ओरडावं लागतं. तिथे सावकाश, खालच्या सुरात कसं बोलायचं?

ओढ्याकाठी | गुरुवार, रात्री ९:४०

अभिनंदन ताई! लाइनवर बोलूच नका, तिथे फक्त हाताने दाखवा. आत जाण्याआधी गेज रूममध्ये दार लावून पाच मिनिटं उभ्याउभ्या सांगा, आता आपण तीन गोष्टी बघणार, ही, ही आणि ही. बाहेर आल्यावर परत तिथेच. प्रश्न लाइनवर आला तर हात वर करून "लेट्स टेक इट इन द गेज रूम" म्हणा आणि तुम्ही पुढे चालायला लागा, त्या मागे येतील.

चाकणची | गुरुवार, रात्री ९:५२

गेज रूममध्ये चार माणसं मावतात. उद्या सकाळी तिथलं जुनं कपाट हलवायला सांगते.